परत सांगतो

घरात तिला सगळे खटखट म्हणायचे. बोलायला लागायच्याही आधीपासून ती हाताला लागेल त्यावर बोटं आपटायची. ताटावर, दारावर, वेळ पडली तर बाबांच्या टकलावर. हे नाव मामाने ठेवलं आणि ते असं चिकटलं, की शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने कुणी हाक मारली तर ही कोण, असं तिचं तिलाच क्षणभर वाटे.

मोठेपणी ही खटखट लॅपटॉपवर गेली. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि गुंडाळून ठेवलेल्या गाद्या यांच्यामधल्या जागेत ती हेडफोन लावून बसायची आणि रॅपवाल्यांसाठी बीट बनवायची. रॅपवाला ज्याच्यावर आपले शब्द टाकतो, ते खालचं सगळं हिचं काम. ड्रम, बेस, मध्येच कुठे दाराच्या कडीचा आवाज, कुठे वॉशिंग मशीनची घरघर. हे काम आहे हे घरात कुणालाच पटत नव्हतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. "बटणं मीही दाबतो," ते म्हणायचे, "पण माझं बटण दाबलं की माणूस वर जातो. तुझं दाबून कोण कुठे गेलं, ते सांग."

दादा विमा कंपनीत होता. तो बाबांइतकाही हसत नसे. "दुसऱ्यांनी वाजवलेलं कापायचं आणि आपलं म्हणून चिकटवायचं. आमच्या ऑफिसात असं केलं तर नोकरी जाते."

ती पगारावर होती ती एका स्टुडिओत. एका ड्रायव्हिंग स्कूलच्या तळघरात तो स्टुडिओ होता. वायरी गुंडाळायच्या, माइक लावायचे, फोन घ्यायचे, ही तिची कामं. मालकांना सगळे सर म्हणत. जाहिरातींपासून रॅपपर्यंत सगळं तिथे रेकॉर्ड होई. तिने एकदा धीर करून सरांना आपल्या चार बीट ऐकवल्या. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकल्या, आणि तेच तिला जास्त लागलं, कारण त्यांनी टाळायचं म्हणून काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "काम स्वच्छ आहे गं. पण कुणाचं आहे ते कळत नाही. असं काम करणारी पोरं मला शोधावी लागत नाहीत, तीच मला फोन करतात. तू फोन चांगले घेतेस."

विश्वास होता तो एकट्या मामाचा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं, त्यांच्याकडेच राहायचा. पाइप, नळ, रंग, खिळे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात तो काउंटरवर होता. मामा तोतरा होता. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे, आणि बोलावं असं काही उरलंही नव्हतं. तो अडकला की सगळे आपापलं काम चालू ठेवत, शब्द बाहेर आला की उत्तर देत. अडचण व्हायची ती बाहेर. लोक "काय?" म्हणायचे, आणि मग त्याला म्हणावं लागायचं, "परत सांगतो." जन्मभर जे वाक्य त्याला सगळ्यांत जास्त लागलं, ते नेमकं त्याला सगळ्यांत जड जाणाऱ्या अक्षराने सुरू होत होतं.

तिची प्रत्येक बीट पहिल्यांदा मामा ऐकायचा. दुकानातून आला की हातपाय धुऊन गादीच्या वळकटीवर बसायचा, हेडफोन कानांवर चढवायचा आणि मान हलवायला लागायचा. "खा-खालचं फार वाजतंय," तो म्हणायचा. नाहीतर, "हे क-कालच्यापेक्षा बरं." कौतुक करायचं म्हणून तो कधी करत नसे. म्हणून त्याने मान हलवली की तिला जेवण गोड लागे.

एका सुट्टीच्या दुपारी तिने कुणाचा तरी वापरलेला माइक विकत आणला होता. मामा खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होता.

"मामा, काहीतरी बोल ना. माइक बघायचाय."

"का-काय बोलू?"

"दुकानात काय काय आलंय ते सांग."

तो सांगू लागला. ती हेडफोन लावून आवाज कमीजास्त करत होती, तिचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "काय?"

"प-प-प-परत सांगतो," मामा म्हणाला.

पडद्यावर त्या आवाजाची रेघ उमटली. तीन छोटे ठोके, एकापेक्षा एक मोठे, आणि मग खाली कोसळणारा शब्द. ठोक्यांमधलं अंतर मोजून घातल्यासारखं सारखं होतं. तिची बोटं मांडीवर आपोआप चालू झाली.

मामाने ते पाहिलं असावं. ब्रश खाली ठेवून तो म्हणाला, "ते पु-पुसून टाक हां. मला माझा आवाज नको वाटतो."

"टाकते ना."

"आत्ता टाक."

तिने त्याच्यादेखत पुसलं. खोटेपणा नव्हता त्यात, तेव्हा तिच्या मनातही काही नव्हतं. पण लॅपटॉपवर पुसलेलं आधी कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतं, आणि डबा रिकामा करेपर्यंत तिथून उचलता येतं. डबा रिकामा करायचा तिला कंटाळा होता.

पुढे भोंगा स्टुडिओत आला. स्टुडिओच्याच वस्तीतला हा रॅपवाला, माइक नसला तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाईल असा, म्हणून भोंगा. त्याचं बऱ्यापैकी नाव झालेलं होतं. ज्याला आयुष्यभर कुणी ऐकून घेतलं नाही अशा माणसाबद्दल त्याने नवं गाणं लिहिलं होतं. सरांनी त्याला एकेक करून बऱ्याच बीट ऐकवल्या. भोंगा प्रत्येक वेळी खुर्चीत आणखी खाली घसरत होता.

"मजा नाही सर."

वायर गुंडाळता गुंडाळता ती बोलून गेली, "सर, मी करून बघू?"

सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "हिला पण हौस आहे," ते भोंग्याला म्हणाले. भोंगाही हसला आणि म्हणाला, "आधी चहा सांग ना." तिने चहा सांगितला. चहा येईपर्यंत दारात उभी राहिली तेव्हा तिचे कान पेटले होते.

घरी आल्यावर तिने हेडफोन लावले, आणि आपण आता काय उघडणार आहोत हे तिला लॅपटॉप उघडायच्या आधीच माहीत होतं. तिने कचऱ्याच्या डब्यातून मामाचा आवाज बाहेर काढला. आवाजाची पट्टी चढवली, इतकी की एखाद्या पोराचा वाटावा. तीन ठोक्यांवर ड्रम बसवला, शब्द जिथे कोसळत होता तिथे बेस सोडला. बाकी सगळं काढून टाकलं. आजवरच्या तिच्या बीटमध्ये नेहमी काहीतरी जास्त व्हायचं. या वेळी काहीच जास्त झालं नाही. आपल्याला हे जमलंय, हे तिला पहिल्यांदाच कुणी न सांगता कळलं. त्या दिवशी मामा हातपाय धुऊन खोलीत आला तेव्हा तिने लॅपटॉप मिटला. "आज काही नाही केलं रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर जेवायला गेलेले असताना तिने ती बीट भोंग्याला ऐकवली. तो खुर्चीत सरळ झाला. मग उभा राहिला.

"हे पोरगं कोण आहे?"

"कोणी नाही. मशीनवर केलंय."

इतक्या सहज ती हे बोलली, की बोलून झाल्यावरच तिच्या लक्षात आलं.

गाणं बाहेर आलं आणि वणव्यासारखं पसरलं. भोंग्याचे शब्द लोकांना पाठ झाले की नाही कोण जाणे, पण 'प-प-प-परत सांगतो' सगळ्यांच्या तोंडी बसलं. शाळेतून सुटलेली पोरं ते ओरडत जायची. बसमधला कंडक्टर तिकीट विचारताना तसं म्हणायचा आणि सगळी बस हसायची. तेच तेच बोलणाऱ्या एका पुढाऱ्याच्या भाषणावर कुणीतरी ते वाक्य चिकटवलं आणि तेही गावभर फिरलं.

सरांनी तिला आतली छोटी खोली दिली. "मी चुकलो," ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि फोन घ्यायला दुसरी मुलगी ठेवली. दादाने गाणं आपल्या ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना पाठवलं. बाबांचं तर काही विचारू नका. ते दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये उभे राहून चाचणीच्या नावाखाली फोनवर ते गाणं लावायचे, आणि कुणी आत आलं की म्हणायचे, "हे आमच्या मुलीचं. गाणारा सोडा हो, गाणारे छप्पन्न मिळतात. खालचं ऐका, खालचं."

आईने ते पहिल्यांदा स्वयंपाकघरात ऐकलं. ती भांडी विसळत होती. दादाने फोन समोर धरला. ते वाक्य आलं आणि आईचा हात नळाखाली तसाच राहिला. तिने मान वळवून मुलीकडे पाहिलं.

"आवाज बारीक केलास," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मामाने गाणं कधी ऐकलं ते तिला कळलं नाही. एक दिवस जेवताना तो आपणहून म्हणाला, "चां-चांगलं वाजलंय तुझं. खालचं बरोबर बसलंय." तिने मान वर केली नाही. त्याला ओळखू आलं नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःचा आवाज माणसाला कुठे नीट ठाऊक असतो? शिवाय पट्टी इतकी चढवलेली. हे तिने स्वतःला इतक्यांदा समजावलं, की तिला ते जवळजवळ पटलं.

पुढच्याच आठवड्यात तिला स्टुडिओतल्या खोलीत फळ्या लावायला मोठे स्क्रू हवे होते. मामाच्या दुकानावरून जाणं होतंच. ती आत शिरली, रंगाच्या डब्यांच्या मांडणीपाशी पोचली आणि तिथेच थांबली.

काउंटरवर एक तरुण उभा होता, कानात गाणं अडकवलेला, मजेत. "काका, पाइप द्या," तो म्हणाला आणि मग आपल्याच विनोदावर खूश होऊन, "प-प-प-पाइप!"

मामा म्हणाला, "केवढा? अ-अर्धा इंची की प-प-प..." त्याला 'पाऊण' म्हणायचं होतं. शब्द अडकला.

तरुणाने टाळी वाजवली. "वा काका! तुम्हालापण येतं की! एकदम तसंच!" त्याने मागे वळून मित्राला हाक मारली. "अरे ये ना, काका बघ कसलं भारी करतात. काका, परत एकदा."

मामा हसला. हसून त्याने मान हलवली, दोन बोटांनी पाइपची जाडी दाखवली, आणि तरुणाने "हो, हाच" म्हटल्यावर पाइप आणायला वळला. वळल्यावरही हसू चेहऱ्यावर तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

तिने पुढे व्हायला हवं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, निदान त्या तरुणाला तरी. ती रंगाच्या डब्यांमागे सरकली आणि मामा आत गेलेला बघून बाहेर पडली. रस्ता ओलांडून, कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाच्या काचेपाशी येईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिने तो न बघता चपलांच्या किमती वाचल्या.

काही दिवसांनी आईनेच सांगितलं, की मामाने काउंटर सोडला. दुकानाच्या मालकांना सांगून तो मागच्या गोदामात गेला होता, माल लावायला. "पाठ दुखते म्हणतो उभं राहून," आई म्हणाली. "गोदामात काय बसून काम असतं का?"

दोघी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आई मामाच्या शर्टाची घडी घालत होती.

"तू सांगितलंस त्याला?"

"सांगणार आहे."

"त्याला माहीत आहे गं. पहिल्या दिवसापासून." आईने शर्ट बाजूला ठेवला. "शाळेत मास्तर त्याला धडा वाचायला उभा करायचे. तो अडकला की पोरं बाकांवर ठेका धरायची. तो सुटेपर्यंत. मी वरच्या वर्गात होते, मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. ठेका सुरू झाला की कळायचं, माझा भाऊ उभा आहे." तिने पुढचा शर्ट उचलला. "तू तेच केलंस. फक्त चांगलं केलंस."

 खटखटने पायमोजे जोडायला घेतले, आणि एकाही पायमोज्याची जोडी तिला लागेना.

मग तो मोठा कार्यक्रम आला. शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात भोंगा गाणार होता आणि गाण्याची निर्माती म्हणून तिलाही मंचावर बोलावणार होते. बाबांनी सगळ्यांसाठी पुढच्या जागा सांगून ठेवल्या. मामा येणार नाही असं तिला वाटलं होतं, मनातून तिला तेच हवं होतं. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत आधी तयार होता. "भाऊजींनी मा-माझीपण जागा धरलीय," तो म्हणाला. "जायला नको?"

टॅक्सीत बसल्या बसल्या तिने ठरवलं, की आज मंचावरून सांगायचं. हा आवाज माझ्या मामाचा आहे, तो समोर बसलाय, असं म्हणायचं. लोक उभे राहतील, टाळ्या पडतील, मामाला सगळं भरून मिळेल. तिला ते दृश्य इतकं स्पष्ट दिसायला लागलं की तिचे डोळे भरून आले. त्या दृश्यात मामाला विचारलेलं कुठेच नव्हतं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

भोंग्याने गाणं सुरू केलं आणि सभागृह उसळलं. ते वाक्य आलं की तो माइक लोकांकडे धरायचा आणि अख्खं सभागृह एका सुरात अडखळायचं. लोक पायांनी ठेका धरत होते. मंचाच्या कडेला उभी राहून ती समोर बघत होती. बाबा उभे राहून ओरडत होते. दादा फोनवर चित्रण करत होता. आई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. मामा हात गुडघ्यांवर ठेवून, दुसऱ्याच्या खुर्चीवर बसावं तसा अवघडून बसला होता, आणि त्याच्या डावीउजवीकडची माणसं 'प-प-प' म्हणत डोलत होती.

गाणं संपल्यावर निवेदक बाईंनी तिला पुढे ओढलं. टाळ्या थांबेनात. मग बाईंनी विचारलं, "सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. हा आवाज कोणाचा?"

तिने मामाकडे पाहिलं. मामाने मान किंचित हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते तिला तेव्हा समजलं नाही आणि पुढेही कधी विचारायचा धीर झाला नाही. एवढी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. सांगितलं तर हीच माणसं आता वळून त्याच्याकडे बघतील, हे तिच्या डोक्यात आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग दुसरंही आलं, की पुढचा प्रश्न येईल, त्याला विचारलं होतं का?

"कोणाचाच नाही," ती म्हणाली. "मशीनवर केलाय."

"मशीन!" निवेदक बाई म्हणाल्या, आणि लोकांनी मशीनसाठी टाळ्या वाजवल्या. मामानेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती मामाच्या जेवणाच्या सुट्टीत गोदामात गेली. उंच लोखंडी मांडण्या, पाइपांच्या चळती, वरून येणारा पांढरा उजेड. मामा खोक्यावर बसून डबा खात होता. तिला बघून त्याने दुसरं खोकं पायाने पुढे सरकवलं. ती बसली नाही.

"मामा, तो आवाज तुझा होता."

"हो."

"मी पुसलेला परत काढला."

"हो, तसंच अ-असणार."

"मला माफ कर, असं म्हणायला आलेय. पण ते म्हणायलासुद्धा लाज वाटतेय."

मामाने डब्याचं झाकण लावलं. झाकणाची कडी तो सावकाश दाबत राहिला. हे थांबणं अडकल्याचं नव्हतं, हे तिला ओळखू येत होतं.

"मी वाट ब-बघत होतो," तो म्हणाला. "आज सांगेल, उद्या सांगेल. तू जेवताना माझ्याकडे बघेनाशी झालीस, ते-तेव्हा मला वाटलं, आता सांगेल."

"तुला कशाचं जास्त वाईट वाटलं? गाण्यात घातला त्याचं, की काल मी मशीन म्हणाले त्याचं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं तो म्हणेल, मशीन म्हणालीस त्याचं. तसं म्हणाला असता तर निम्मं तरी ओझं उतरलं असतं.

"दो-दोन्हीचं," मामा म्हणाला. "आणि तू मला त्यातलं एक नि-निवडायला सांगतेस."

 ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगते. पेपरात सांगते, भोंग्याला सांगते. गाणं काढून टाकायला लावते."

"माझं नाव न-नको घेऊस कुठे." हे तो पटकन म्हणाला. "तुला बरं वाटेल. मला रस्त्याने चालता येणार नाही."

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. मामा उठला, हात पुसले आणि कामाला लागला.

गाणं काढून टाकणं तिच्या हातात नव्हतं. सरांना आणि भोंग्याला ती इतकंच म्हणाली, की तो आवाज ज्याचा आहे त्याची परवानगी नव्हती. सरांनी कपाळाला हात लावला. भोंगा आधी चिडला, मग म्हणाला, "कोण आहे तो? आपण भेटू, बोलू." ती म्हणाली, भेटायचं नाहीये त्याला. शेवटी तिने ते वाक्य काढून गाण्याची दुसरी प्रत केली आणि भोंगा कार्यक्रमांत तीच वापरायला कबूल झाला. उपयोग फारसा झाला नाही. वाक्याच्या जागी ती शांतता आली की लोक स्वतःच ओरडायचे, पूर्वीपेक्षा मोठ्याने. पहिली प्रत तर इतक्या फोनांमध्ये गेली होती, की ती कुठून कुठून गोळा करणार?

बाबांनाही तिने सांगितलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आपल्याच मामाचा होता?" मग जरा विचार करून म्हणाले, "मग काय झालं? परका थोडाच आहे तो. गाणं तर चाललं ना? नाव झालं ना तुझं?"

ज्या माणसाने एकदा तरी आपली बाजू घ्यावी म्हणून ती इतकी वर्षं तडफडली होती, तो आज तिची बाजू घेत होता. तिला तिथे बसवेना. "बाबा, तुम्ही असं नका ना म्हणू," ती म्हणाली, आणि उठून गेली. बाबा तिच्या मागे दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये गाणं लावणं मात्र त्यांनी बंद केलं.

कामं येत राहिली. सरांकडे लोक तिचं नाव सांगून येऊ लागले. तिने पुढे केलेल्या बीट चांगल्या होत्या, कुणाच्या ते कळण्यासारख्या होत्या. कुणी कौतुक केलं की ती घाईने वायरी तपासायला लागे, आणि लोक म्हणत, किती साधी आहे बघा.

थंडी सरता सरता एका सकाळी मामा तिच्या दारात आला. दुकानात जायचे कपडे घातले होते.

"आज माझ्याबरोबर चल. मा-मालकांकडे जायचंय. मला काउंटर प-परत हवाय."

"चल. मी सांगते त्यांना..."

"तू काही सांगायचं नाही," मामा म्हणाला. "मीच बोलणार. तू न-नुसती उभी राहा."

"मग मी कशाला?"

"उभी राहा," तो पुन्हा म्हणाला.

मालकांची खोली काचेची होती, दुकानाच्या वरच्या अंगाला. मालक फोनवर बोलत होते, त्यांनी हाताने थांबायला सांगितलं. मामा टेबलासमोर उभा राहिला आणि ती त्याच्या मागे, दारापाशी. काचेतून खाली काउंटर दिसत होता. तिथे आता एक नवा मुलगा होता आणि समोर गिऱ्हाइकांची गर्दी.

मालकांनी फोन ठेवला. "बोला."

"मला प-प-प..."

शब्द अडकला. मामाची मान ताठ झाली, जबडा थरथरला. मालक बघत राहिले. शब्द सुटेना. 'परत' एवढंच होतं ते, तिला माहीत होतं, तिच्या जिभेवर तयार होतं, आणि ते बोलून टाकलं तर सगळ्यांचीच सुटका होणार होती. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, तुम्ही तरी सांगा अशा नजरेने. तिने ओठ मिटून घेतले. तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली, तेव्हा तिने ती मुठीत घट्ट धरली. ही शांतता किती लांब असते, ते तिला आजवर कधी ऐकू आलं नव्हतं. गाण्यात तिने ती कापून टाकली होती.

"...परत काउंटरवर यायचंय," मामा म्हणाला.

"पाठ?"

"पा-पाठीला काही झालं नव्हतं."

मालकांनी खाली काउंटरकडे नजर टाकली. नवा मुलगा कुणाला तरी भलताच नळ दाखवत होता. "सोमवारपासून या," ते म्हणाले. "याला काही कळत नाही तोट्या कुठल्या आणि सांधे कुठले."

जिना उतरताना मामा पुढे होता. दुकानाच्या दारात तो थांबला आणि तिच्याकडे वळला. कपाळावर घाम होता.

"जा आता," तो म्हणाला. "तुला उ-उशीर होईल."

"मामा..."

"मी संध्याकाळी येतो घरी," मामा म्हणाला, आणि गोदामाकडे गेला, सोमवारपर्यंतचं काम उरकायला.

ती बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. शेजारी दोन शाळकरी मुलं होती. त्यातलं एक दुसऱ्याला काहीतरी सांगत होतं, दुसऱ्याला ऐकू आलं नाही, आणि पहिल्याने हसत हसत ते वाक्य म्हटलं, ठोक्यांसकट. दोघं खिदळली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, काही बोलावं म्हणून तोंडही उघडलं. मुलांनी गोंधळून विचारलं, "काय?"

"काही नाही," ती म्हणाली. बस आली तेव्हा तिने मुलांना पुढच्या दाराने आधी चढू दिलं आणि ती मागच्या दाराने चढली.